पुण्याखालचा कातळ आणि रस्त्याखालचे फायबर : शहराची जमीन ऐकता येईल का?

कातळवाट

रस्त्याखाली ऑप्टिकल फायबरची केबल टाकताना कंपन्या आजच्या गरजेपेक्षा बरेच जास्त तंतू टाकून ठेवतात, कारण खरा खर्च काचेचा नसून खोदाईचा असतो. अशा केबलमधले जे तंतू अजून कोणी वापरायला घेतलेले नाहीत, त्यांना या व्यवसायात डार्क फायबर म्हणतात. गेल्या दहाएक वर्षांत भूकंपशास्त्राने या पडून असलेल्या तंतूंचा एक विलक्षण उपयोग शोधून काढला आहे. त्याचा विचार पुण्याच्या संदर्भात गांभीर्याने व्हावा असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

तंत्र थोडक्यात असे आहे. तंतूच्या एका टोकाला इंटरॉगेटर नावाचे उपकरण जोडतात आणि ते लेसरचे अत्यंत लहान स्पंद सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा तंतूत सोडते. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या घनतेत सूक्ष्म चढउतार असतात आणि त्यांच्यामुळे प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे परततो. यालाच रॅले प्रकीर्णन म्हणतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे परतलेला प्रकाश किती वेळाने आला यावरून तो तंतूच्या कोणत्या मीटरवरून आला ते कळते. जमीन हलली की तिथला तंतू किंचित ताणला किंवा दाबला जातो आणि त्या भागातून येणाऱ्या प्रकाशाची कला (फेज) बदलते. दहा मीटरच्या तुकड्याची लांबी दहा नॅनोमीटरने बदलली तरी चांगली उपकरणे ते टिपतात. म्हणजे वीस-तीस किलोमीटरची एक केबल दर काही मीटरवर बसवलेल्या हजारो भूकंपमापकांच्या ओळीचे काम करू शकते. या पद्धतीला डीएएस (डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग) असे म्हणतात.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बिओंडो बिओंडी आणि आयलीन मार्टिन यांच्या गटाने सप्टेंबर २०१६ पासून आवाराखालच्या सुमारे ४.८ किलोमीटर लांबीच्या केबलवर नोंदी घेतल्या. विशेष म्हणजे ती केबल जमिनीत घट्ट रोवलेली नव्हती, तर प्लास्टिकच्या नळीत नुसती पडलेली होती, आणि तरीही पहिल्या वर्षात आठशेहून अधिक घटना तिने टिपल्या. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहराने दिलेल्या तंतूंवर कॅलटेक या संस्थेचे झोंगवेन झान आणि त्यांचे सहकारी काम करतात. पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज येथे तियुआन झू यांच्या गटाने २०१९ मध्ये विजांच्या गडगडाटाने जमिनीत उठलेली कंपनेही अशाच तंतूवर पाहिली.

आता पुण्याकडे येतो. आपण सगळे ‘खाली काळा पाषाण आहे’ असे म्हणून निश्चिंत असतो. प्रत्यक्षात सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकसारखे नाहीत. घट्ट बेसाल्ट, त्यावर पोकळ्यांत झिओलाइट खनिज भरलेला कुहरी बेसाल्ट, मधूनच ब्रेशिया (तुटक्या तुकड्यांचा जुळून बनलेला खडक), आणि दोन प्रवाहांच्या मध्ये विटकरी रंगाचा मऊ थर, ज्याला रेड बोल म्हणतात, असा तो सारा पट आहे. त्यावर कुठे हातभर मुरूम, कुठे काळी माती, मुळा-मुठेच्या काठाने गाळ, आणि जुन्या पेठांमध्ये अडीच-तीनशे वर्षांचा भराव. आंबील ओढ्याचा मूळ प्रवाह पेशवाईत वळवला गेला. त्याच्या जुन्या पात्रावर आज घरे उभी आहेत. या सगळ्याचा सलग नकाशा आपल्याकडे नाही, आहेत त्या इथल्या-तिथल्या बोअरच्या सुट्या नोंदी. रस्त्याखालचा एखादा तंतू वर्षभर मिळाला, तर निदान एका पट्ट्याचा असा नकाशा नवी खोदाई न करता तयार होऊ शकेल, हे माझे म्हणणे आहे. दूरसंचार आणि स्थापत्य क्षेत्रातील सदस्यांनी यावर अवश्य लिहावे.


जोडणीकर

मी फायबर जोडणीच्या कामात आहे, म्हणून केबलच्या बाजूने काही गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली गोष्ट अशी की पुण्यात दिसणारे सगळे फायबर या कामाचे नाही. खांबांवरून आणि झाडांवरून लोंबणाऱ्या केबल जमिनीऐवजी वाऱ्याची हालचाल नोंदवतील. घरोघरी इंटरनेट देणाऱ्या जाळ्यात एका तंतूचे स्प्लिटरने सोळा किंवा बत्तीस फाटे केलेले असतात. स्प्लिटरच्या पुढे गेलेला प्रकाश सगळ्या फाट्यांतून एकत्र परत येतो, त्यामुळे कोणता संदेश कोणत्या गल्लीतला हे वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. या प्रयोगाला एका एक्स्चेंजपासून दुसऱ्या एक्स्चेंजपर्यंत विनाफाटा गेलेला, जमिनीत पुरलेला, स्वतंत्र तंतू हवा.

दुसरी गोष्ट अंतराची. ओटीडीआर, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परतलेल्या प्रकाशावरून तंतू तपासणारे उपकरण, लावला की पडद्यावर उतरती रेषा दिसते, प्रत्येक जोडावर तिला छोटी पायरी पडते आणि खराब कनेक्टरवर उंच सुळका उठतो. ती रेषा जे अंतर सांगते ते काचेचे असते, रस्त्याचे नसते. प्रत्येक चेंबरमध्ये पुढे-मागे दुरुस्तीला लागेल म्हणून आम्ही केबलचे वेटोळे ठेवतो. कुठे दहा मीटर, कुठे वीस. चार-पाच चेंबर ओलांडले की काचेवरचा दोन हजारावा मीटर आणि रस्त्यावरचा दोन हजारावा मीटर यांत एखाद्या चौकाचे अंतर पडलेले असते. कागदोपत्री आराखडा आणि जागेवरची केबल यांतही फरक असतो, कारण काम करताना वाटेत जलवाहिनी आली की केबल रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि ती नोंद प्रत्येक वेळी आराखड्यावर चढत नाही.

त्यामुळे तंतू मिळाला तरी कोणता बिंदू कुठे आहे हे ठरवल्याशिवाय नकाशा बनणार नाही. त्यासाठी काय करतात?


कातळवाट

जोडणीकर, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. त्यासाठी टॅप टेस्ट करतात. रात्री वाहतूक कमी झाल्यावर केबलच्या मार्गावर ठरावीक अंतराने, ज्याचे अक्षांश-रेखांश मोजलेले आहेत अशा बिंदूवर, जड हातोड्याने जमिनीवर ठोके देतात आणि त्याच क्षणी तंतूच्या कोणत्या भागात ते उमटले ते पाहतात. वेटोळ्याचा भाग यात लगेच ओळखू येतो, कारण तिथे सलग काही बिंदूंवर एकच ठोका एकाच वेळी दिसतो. त्या बिंदूंना पुढच्या हिशेबातून वगळतात. चेंबरच्या झाकणावरून जाणारी वाहने आणि त्यांच्या जीपीएस नोंदी यांचाही असा उपयोग काही ठिकाणी केला गेला आहे.


बोअरलॉग

मी पायाभरणीसाठी जमिनीची तपासणी करतो. धागा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या कामाचे स्वरूप असे असते. प्लॉटवर तीन-चार ठिकाणी बोअर घेतात. मातीत एसपीटी करतात, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. कातळ लागला की कोअर काढून पेटीत ओळीने मांडतात. पुण्यातल्या अशा पेटीत वरच्या ओळीत मुरमाचा भुगा, मग काळ्या बेसाल्टचे हातभर लांबीचे अखंड दंडगोल आणि मग अचानक बोटाने चुरडता येईल अशी विटकरी माती दिसली, तर ती पाहून नवख्या अभियंत्याला धक्का बसतो. रेड बोलचा हा थर उघडा पडून भिजला की भराभर झिजतो. बोअर घट्ट बेसाल्टमध्ये थांबवला असेल, तर तो थर खाली आहे की नाही हे कोणालाच कळत नाही. दोन बोअरच्या मध्ये काय आहे हे आम्ही रेघ ओढून जोडतो, आणि लाव्ह्याचे थर त्या रेघेप्रमाणे वागतीलच असे नाही.

भूकंपाच्या दृष्टीने पाहिले तर आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे पुणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास झाला होता आणि पुण्याला तो चांगलाच जाणवला होता. अशा वेळी पुण्याच्या दोन वस्त्यांना सारखा हादरा बसत नाही. मऊ थराची जाडी आणि त्यातील एस लहरींचा (जमिनीला आडवे हलवत जाणाऱ्या भूकंपलहरींचा) वेग यांवरून त्या थराची स्वतःची वारंवारता ठरते. वेगाला जाडीच्या चौपटीने भागायचे. दहा मीटर गाळ असेल आणि वेग सेकंदाला २०० मीटर असेल, तर उत्तर पाच हर्ट्झ येते, आणि दोन मजली बैठ्या घरांची कंपने साधारण तिथेच असतात. तीन मीटर मुरूम असेल तर तोच आकडा सोळा-सतरा हर्ट्झवर जातो आणि त्या घरांची काळजी कमी होते. म्हणून नदीकाठच्या आणि जुन्या ओढ्यांवरच्या भागात एस लहरींचा वेग जागोजागी माहीत असणे मला अत्यंत गरजेचे वाटते.

माझा प्रश्न असा : शहरभर वाहने धडधडत असताना हा वेग तंतूवरून काढायचा कसा? आम्ही हातोडा आणि जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारे उपकरण) घेऊन हीच मोजणी करतो, तेव्हा वाहतूक हीच मुख्य अडचण असते.


स्पंदन

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझे काम लहरींच्या विश्लेषणाचे आहे.

या पद्धतीत वाहने हाच स्रोत असतो. वाहन रस्त्यावरून जाते तेव्हा दोन गोष्टी घडतात. त्याच्या वजनाने खालची जमीन क्षणभर दबते, ती एक हर्ट्झपेक्षा संथ खूण असते. आणि चाके खडबडीत रस्त्यावर आदळून साधारण तीन ते तीस हर्ट्झच्या पृष्ठलहरी बाहेर फेकल्या जातात. तंतूच्या दोन बिंदूंवरील नोंदी एकमेकींशी तासन्‌तास ताडून पाहिल्या की यादृच्छिक गोंगाट गळून जातो आणि एका बिंदूवर ठोका दिला असता दुसऱ्या बिंदूवर काय पोहोचले असते ते हाती उरते. केबल आणि वाहने एकाच रस्त्याच्या रेषेत असतात, ही गोष्ट येथे पथ्यावर पडते, कारण तंतू स्वतःच्या दिशेने येणाऱ्या लहरींना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. काटकोनात येणाऱ्या लहरींबाबत तो बराचसा बधिर असतो, म्हणून एकाच सरळ रस्त्याऐवजी वळण घेतलेला मार्ग निवडावा.

यातून मिळणाऱ्या पृष्ठलहरींचा, म्हणजे रॅले लहरींचा (प्रकाशाच्या रॅले प्रकीर्णनाशी यांचा संबंध नाही), वेग वारंवारतेनुसार बदलतो. कमी वारंवारतेच्या लांब लहरी खोलवरची जमीन चाचपतात, जास्त वारंवारतेच्या आखूड लहरी वरवरची. कातळातून सेकंदाला ९०० मीटर वेगाने तीन हर्ट्झची लहर गेली तर तरंगलांबी ३०० मीटर होते आणि शंभरेक मीटर खोलीपर्यंतची माहिती तिच्यात असते.

पुण्याच्या बाबतीत मात्र दोन अडचणी मला दिसतात, आणि त्या लपवून ठेवणे योग्य होणार नाही. इंटरॉगेटर एका बिंदूवर मोजत नाही, एका तुकड्यावर मोजतो. तो तुकडा अनेकदा दहा मीटरचा असतो. लहरीची तरंगलांबीही दहा मीटरच झाली, तर तुकड्याचा अर्धा भाग ताणला जातो, अर्धा दाबला जातो आणि बेरीज शून्य येते. सेकंदाला २०० मीटर वेगाच्या मातीत वीस हर्ट्झला नेमके हेच घडते. त्यामुळे अगदी वरच्या तीन-चार मीटरांविषयी विश्वासाने बोलायचे असेल, तर तुकडा लहान ठेवावा लागेल आणि त्याची किंमत वाढलेल्या गोंगाटाच्या रूपाने मोजावी लागेल.

दुसरी अडचण बोअरलॉग यांनी सांगितलेल्या रेड बोलची आहे. बहुतेक ठिकाणी खोलीबरोबर वेग वाढत जातो आणि गणित सोपे राहते. कठीण थराखाली मऊ थर आला की एकाच मोजणीला बसतील अशी अनेक चित्रे तयार होतात, आणि रॅले लहरींच्या वरच्या प्रकारांचीही मोजणी सापडली तरच त्यांतले खरे निवडता येते. म्हणून माझ्या मते बोअर आणि तंतू यांना एकमेकांचे पर्याय समजू नये. मेट्रोच्या भुयारी मार्गावर, म्हणजे शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट, मंडई, स्वारगेट या पट्ट्यात, बोअर झालेले आहेत. पहिली केबल तिथून जवळची निवडली, तर दोन्हींचा ताळा घालता येईल.


शुक्रवार_पेठ

मी या विषयातला जाणकार नाही, परंतु पेठांमध्ये आयुष्य गेले आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला दगडी नळ, त्याचे उच्छ्वास आणि हौद यांचे अवशेष आजही पेठांमधून आहेत. जुन्या वाड्यांतल्या विहिरी वाडे पाडताना बुजवल्या गेल्या, त्यांची नोंद कुठेच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात जमीन खचून एक अख्खा टँकर उभाच्या उभा खड्ड्यात गेला, ते दृश्य सर्वांनी पाहिले आहे. अशा पोकळ्या या तंतूने आधी सापडतील का? सापडणार असतील तर बाकी सगळे सोडून आधी ते करावे.


स्पंदन

काका, आपला प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. रस्त्याच्या कडेने गेलेल्या केबलवरून एखाद-दुसऱ्या मीटर रुंदीची विहीर किंवा नळ नेमका दाखवता येईल, असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेल्या दहा मीटरच्या तुकड्यात तेवढी पोकळी विरून जाते. जी पोकळी आवाराच्या आत, केबलपासून दूर आहे, तिचा तर प्रश्नच नाही. त्यासाठी जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे रडार जास्त उपयोगी आहे, पण काळ्या मातीसारख्या चिकणमातीत त्या लहरी लवकर शोषल्या जातात, तेही ध्यानात ठेवावे लागते.

तंतूचा उपयोग वेगळ्या प्रकारे होईल. एकाच पट्ट्यावर महिनोन्‌महिने मोजणी चालू राहिली, तर अमुक पन्नास मीटरांत लहरींचा वेग हळूहळू उतरत आहे, शेजारी मात्र स्थिर आहे, असा बदल दिसू शकतो. गळक्या जलवाहिनीने माती वाहून जाणे किंवा भराव सैल होणे ही त्यामागची कारणे असू शकतात. मडके घेताना टिचकी मारून पाहतात, तशी ही टिचकी रोज त्याच जागी पडत राहील. बद्द आवाज आला की तिथे रडार न्यायचे, असा क्रम मला योग्य वाटतो.


अनुराधा_कोथरूड

माझी एक शंका आहे आणि ती टाळू नये अशी विनंती आहे. जी केबल जमिनीची इतकी सूक्ष्म हालचाल टिपते, ती माणसांची ये-जा टिपणार नाही का? कोण कधी घराबाहेर पडले, हे कोणाला तरी दिसत राहणार असेल तर त्याची संमती नागरिकांकडून कोणी घेतली?


कातळवाट

शंका रास्त आहे. तंतू वेगळा असल्यामुळे शेजारच्या तंतूतून जाणारे फोन किंवा इंटरनेट यांच्याशी उपकरणाचा काहीच संबंध येत नाही. परंतु केबलजवळून चालणाऱ्या माणसाची पावले आणि प्रत्येक वाहन यांच्या खुणा कच्च्या नोंदीत उमटतात, हे खरे आहे. पॅसाडेनात १ जानेवारी २०२० रोजी निघालेल्या रोझ परेडमधले रथ आणि बँडपथके झान यांच्या गटाने तंतूवर पाहिली होती. आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याखाली असा तंतू असता, तर ढोलपथकांचा ठेकाही त्यावर उमटला असता.

म्हणून कच्च्या नोंदी साठवूच नयेत, असे माझे मत आहे. हिशेबही तेच सांगतो. दहा हजार बिंदू, सेकंदाला हजार मोजण्या आणि प्रत्येकी चार बाइट धरले, तर दिवसाला साडेतीन टेराबाइटच्या आसपास माहिती होते. जमिनीच्या अभ्यासाला लागतात त्या तासातासाच्या ताडून पाहिलेल्या सरासऱ्या, आणि त्यांत कोणा एकाचे पाऊल किंवा गाडी उरत नाही. उपकरणाजवळच ही बेरीज करून कच्चा भाग पुसून टाकावा, फक्त भूकंपाच्या वेळच्या काही मिनिटांचा तुकडा राखून ठेवावा. निवासी आवारात शिरणारा तंतू घेऊ नये. या अटी करार करतानाच लिहून घ्याव्यात आणि जाहीर कराव्यात, नंतर सुचले म्हणून जोडू नयेत.


झरा_बावधन

भूजलाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळ डार्क फायबरवर केलेल्या अभ्यासात भूजलपातळीतील बदल लहरींच्या वेगातील बदलांवरून पाहिले गेले. पाणी वर चढले की मातीच्या आणि खडकाच्या फटींतील दाब वाढतो आणि वेग किंचित घटतो. पातळी उतरली की तो पुन्हा वाढतो. कॅलिफोर्नियातीलच रिजक्रेस्ट येथे जमिनीच्या वरच्या थरातील ओलावाही अशाच प्रकारे अभ्यासला गेला.

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, त्यामुळे भरण आणि उपसा यांची चढउतार ठळक दिसायला हवी. आपले पाणी मुख्यतः थरांच्या वरच्या सच्छिद्र आणि भेगाळलेल्या भागात साठते, घट्ट बेसाल्टमध्ये फारसे नाही. उपनगरांत बोअरवेल किती खोल चालल्या आहेत हे प्रत्येक सोसायटीला ठाऊक आहे, पण पाणी कोणत्या थरातून जाते आहे हे क्वचितच ठाऊक असते. निरीक्षण विहिरी हे त्याचे उत्तर आहे आणि राहील, परंतु दोन विहिरींच्या मधल्या पट्ट्यात काय घडते ते तंतू सांगू शकला, तर पुनर्भरणाचे खड्डे कुठे घ्यायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. मला स्वतःला या विषयाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.


बोअरलॉग

झराताई, सहमत आहे. शिवाय त्यातून पायाच्या कामालाही मदत होईल, कारण आम्ही भूजलपातळी एकदाच, बोअर घेतला त्या महिन्यात मोजतो, आणि मे महिन्यातला आकडा ऑगस्टमध्ये निरुपयोगी असतो.


जोडणीकर

वरच्या चर्चेवरून कामाचा क्रम मला असा दिसतो. उपकरण आणण्याआधी तंतूच्या मालकाकडून मार्गाचा प्रत्यक्ष टाकलेला आराखडा आणि ओटीडीआरच्या नोंदी मागाव्यात. त्यासाठी विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेच्या पत्राची गरज लागेल, वैयक्तिक विनंतीवर कोणी देत नाही. मार्ग आठ-दहा किलोमीटरपेक्षा मोठा नको, एक तरी काटकोनी वळण हवे, नदी एकदा ओलांडलेली हवी. पूल ओलांडणारा भाग वेगळा धरावा, कारण तिथे केबल पुलाला बांधलेली असते आणि ती जमिनीऐवजी पुलाचे कंपन सांगेल. कनेक्टर तिरक्या घासलेल्या टोकाचे, म्हणजे एपीसी, बसवून घ्यावेत. सरळ टोकावरून परतणारा झोत उपकरणाचे डोळे दिपवतो आणि पुढचे कित्येक मीटर वाया जातात. टॅप टेस्ट पावसाळ्याआधी उरकावी, कारण चेंबर एकदा पाण्याने भरले की पंप लावल्याशिवाय झाकण उघडण्यात अर्थ नसतो.

स्वारगेट ते शिवाजीनगर या पट्ट्यात विनाफाटा तंतू कोणाकडे आहेत याची चौकशी मी माझ्या ओळखीने करू शकतो. संस्थेच्या पत्राचे काम कातळवाट आणि स्पंदन यांनी अंगावर घ्यावे.